अठराव्या रस्त्यावर

शिकागोत आम्ही गणपती शनिवारी बसवतो. चतुर्थी कुठल्याही वारी येवो, शाळेचा हॉल शनिवारीच मिळतो. झांजा वाजतात, अथर्वशीर्ष होतं, मोदक संपतात आणि संध्याकाळी हॉल झाडून किल्ली परत द्यायची. तक्रार नाही, सोय आहे. पण पिंक लाइनच्या गाडीने पिल्सन वस्तीत, अठराव्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरलं की ती किल्ली मला हटकून आठवते.

इथे कुणाला कशाची किल्ली मागावी लागत नाही. रंग स्टेशनापासूनच सुरू होतात. सोळाव्या रस्त्यालगतच्या रेल्वेच्या बांधाची भिंत लांबच लांब चित्रांनी भरलेली. पानादेरियात, म्हणजे इथल्या बेकरीत, शिरलं की ताट आणि चिमटा उचलायचा आणि साखरेच्या रेघांचे फुगीर गोड पाव, म्हणजे कोंचे, आपले आपण वेचायचे. रांगेत आजी नातवाला स्पॅनिशमधून दटावते, नातू इंग्रजीतून उलट उत्तर देतो आणि भांडण अगदी सुरळीत चालतं.

वस्ती एकेकाळी चेक लोकांची. नावही त्यांच्याच गावावरून पडलेलं. त्यांच्या काळातला, 1892चा थालिया हॉल अजून उभा आहे. 1960च्या दशकात जवळच विद्यापीठाचं आवार उभारताना तिथली मेक्सिकन कुटुंबं उठवली गेली, त्यांतली कितीतरी इकडे सरकली. त्यांनी नाव तसंच राहू दिलं, भिंती मात्र रंगवल्या. पुढे रंग बघायला येणारे राहायलाच आले, भाडी चढली आणि रंगवणाऱ्यांपैकी कित्येकांना पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागलं. या वस्तीचं कौतुक करताना एवढं विसरू नये.

सरकारी हिस्पॅनिक वारसा महिना 15 सप्टेंबरला सुरू होतो. 1968 साली तो आठवडा होता, 1988 साली त्याचा महिना करायचं ठरलं. ऑफिसांत फलक लागतात, कँटीनमध्ये टाको मिळतात. पिल्सनमध्ये त्या महिन्याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या दिवसाला. इथल्या मेक्सिकन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात तिकीट नसतं, त्यामुळे लेकुरवाळी कुटुंबं खुशाल तासन्‌तास रेंगाळतात. वेदीवर फोटो, मेणबत्त्या, पाव, गेलेल्याच्या आवडीची बाटली, आणि झेंडूच झेंडू! आपल्या दसऱ्याचं हे फूल मूळचं मेक्सिकोचं. आपल्या तोरणात ते इतकं मुरलं की त्याचं माहेर कुणी विचारत नाही. आपण पितरांना कावळ्याच्या मध्यस्थीने जेवू घालतो, हे लोक थेट फोटोसमोर पान मांडतात. मला त्यांची पद्धत जास्त आवडते. कावळ्याचा भरवसा नाही.

‘लॅटिनो’ म्हणून सगळ्यांना एका मापाने मात्र मोजू नये. पिल्सनबाहेर, शिकागोच्याच डिव्हिजन स्ट्रीटवर 1995 साली उभारलेले प्वेर्तो रिकोचे दोन प्रचंड पोलादी झेंडे रस्त्यावर कमानीसारखे ओणवले आहेत. प्वेर्तो रिकोच्या लोकांना 1917 सालीच अमेरिकन नागरिकत्व मिळालं, तरी ‘तुम्ही इकडे कधी आलात?’ हा प्रश्न त्यांनाही चुकत नाही. तेवढं पोलाद कशाला, ते त्या कमानीखालून जाताना कळतं.

आमचा सण हॉलमध्ये आणि पिल्सनकरांचा फुटपाथवर, याला निव्वळ धाडस म्हणणं भाबडेपणाचं होईल. आम्ही उपनगरांत, दोन गाड्यांच्या गॅरेजमागे राहतो. तिथे फुटपाथवर असतं कोण? इथे घरं लहान, माणसं पुष्कळ; गाणं खिडकीतून बाहेर पडणारच. आणि बाहेर पडल्याची किंमतही मोजावी लागते. कणसाच्या हातगाड्यांना शहराने परवान्याची वाट खुली केली ती थेट 2015 साली. तोवरचा धंदा कसा चालला असेल, हे मुंबईच्या फेरीवाल्याला समजावून सांगायला नको.

पिल्सनच्या या कणीसवाल्यांतला एक मला पाहताच भरभर स्पॅनिश बोलू लागतो. माझ्या रंगावरून त्याने मला कधीच आपल्यात धरलंय. गाडीवरचं कणीस मूळ त्यांच्याकडचं, मिरचीही त्यांच्याकडची. लिंबू तेवढं आशियातून तिकडे गेलेलं. मी खुणेने सांगतो, मेयोनीज नको, मीठ-तिखट-लिंबू पुरे. तो कीव आल्यासारखी मान हलवतो, दुप्पट तिखट भुरभुरवतो आणि मेयोनीजचा एक फराटा तरीही ओढतोच.