चिमणी विझली, खाडा चालूच आहे

गेल्या वर्षी मॉरिशसला जाण्याचा योग आला. लोक तिथे समुद्र बघायला जातात. मी आंत्वानेत नावाच्या जुन्या साखर कारखान्याचे अवशेष बघायला गेलो. चिमणी उभी आहे, बाजूला पडक्या भिंती.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईसला उतरले आणि याच मळ्यावर आणले गेले. छोटा नागपूरकडच्या डोंगराळ भागातली माणसं. कलकत्त्यात पाच वर्षांचा करार झाला, पगार महिना पाच रुपये. तीन महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ ला, तिथली गुलामी कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने आपल्या वसाहतींसाठी दोन कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना दमडीही नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना आणखी चार वर्षं राबवलं. पुढे उसाला हात लागले, ते करारावर आणलेल्या आपल्या देशातल्या मजुरांचे.

या मळ्यांवर एक नियम असे. मजूर एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांची मजुरी कापायची. त्याला ‘डबल कट’ म्हणत. हे कळलं आणि मी त्या चिमणीखाली मटकन बसलो. आमच्याकडे याला खाडा म्हणतात.

माझे आईवडील म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घ्यायची, टोळीबरोबर निघायचं आणि पट्टा पडेपर्यंत फडात राहायचं. मी सात वर्षांचा असताना आई तापाने चार दिवस कोपीत पडून होती. वडील एकटे तोडत होते, तरी मुकादमाने वहीत चार खाडे मांडले. ते पैसे पुढच्या वर्षीच्या उचलीत चढले. आईला वाचता येत नव्हतं. वहीत काय लिहिलंय, हे तिने कधी विचारलंच नाही.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. पाळीमुळे काम बुडालं तरी खाडा पडतो, हे बायकांनी स्वतः सांगितलं.

काही मित्र म्हणतात, ‘आपले लोक उचल मर्जीने घेतात.’ त्या ३६ जणांचीही कागदावर संमती होतीच. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याची मर्जी ती केवढी? संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. १९७६ च्या कायद्याने कर्जापोटी माणसाला बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं. कायदा आपल्या बाजूने आहे, वही मात्र अजून मुकादमाच्या खिशात आहे.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. आपणही जयंत्या जोरात करतो, कराव्यातच. पण यंदा तुमच्या वस्तीतून टोळी निघेल तेव्हा प्रत्येक कोयत्याला एक वही द्या. उचल किती, टन किती, खाडे किती, हे त्यात लिहायला घरातल्या शिकलेल्या पोराला शिकवा. हिशेबाला बसताना आपलीही वही समोर असू द्या. माझ्या आईकडे ती नव्हती.

जय भीम!