घरचे दप्तर आणि नवे यंत्र

सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर वासोणा हे गाव आहे. परगावची मंडळी येथे येतात ती गीरहून आणलेले सिंह पाहावयास. माझ्या ओटीवर येतात ती मात्र बगलेत लॅपटॉप घेऊन. येथील एका सूत-कारखान्याच्या हिशेब-खात्यात माझी सारी चाकरी झाली. त्या खात्यात पहिला संगणक आला तेव्हापासून त्याच्याशी माझी ओळख, त्यामुळे निवृत्तीनंतर "काका, जरा पाहता का?" हा प्रश्न मला नित्याचाच झाला आहे. मी या विद्येतील शास्त्री नव्हे. परंतु गावचा वैद्य जसा निदान नाडी तरी पाहतो, तितपत माझाही उपयोग होत असावा.

येणाऱ्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: यंत्र मंद झाले आहे, ते दुरुस्त करावे की नवे घ्यावे? किंमत किती, कंपनी कोणती, हे ते विचारतात. आत काय आहे आणि त्याचे पुढे काय होणार, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक यंत्र बाजारात पुन्हा मिळते. आतला मजकूर कोणत्याही बाजारात मिळत नाही.

जुन्या कागदांचे मोल आमच्या या चिमुकल्या मुलखाला कोणी नव्याने सांगावयास नको. पेशवाई आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ मध्ये तह झाला आणि त्यास अनुसरून १७८३ व १७८५ मध्ये नगर हवेली व दादरा या भागांच्या सनदा दिल्या गेल्या. पुढे २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, आणि १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. त्या न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निर्णय दिला, त्यापूर्वी त्याच्यापुढे आलेल्या प्रश्नांपैकी एक होता तो या तहाच्या सतराव्या कलमाचा. दिला तो मुलखाचा स्वामित्वाधिकार, की केवळ महसूल घेण्याचा, सरंजामासारखा हक्क? कलमाचे निरनिराळे पाठ न्यायालयाने ताडून पाहिले, आणि त्या भाषेतून सार्वभौमत्व देण्याचा हेतू निघत नाही, असे ठरविले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व साधा माल यांच्या वाहतुकीचा मर्यादित हक्क पोर्तुगालला होता, सैन्याचा व शस्त्रांचा नव्हता, आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असा तो निकाल. मला त्यात कौतुक वाटते ते एका साध्या गोष्टीचे. जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांपूर्वीचा लेख परदेशातील न्यायाधीशांपुढे अर्थासह मांडता आला, कारण तो कागदावर होता आणि ते जुने लेखन वाचणारे लोक उरले होते.

आता आमच्या घरातली गोष्ट. माझे थोरले बंधू सरकारी नोकरीत होते. १९९८ ते २००५ या काळात त्यांनी घरच्या संगणकावर तीन कामे केली: कुळाची वंशावळ जमविली, वडिलांच्या कीर्तनाच्या वह्यांतील आख्याने उतरविली, आणि आईच्या तोंडून ऐकलेल्या कोंकणी ओव्या, म्हणी, देवळातील उत्सवाच्या आठवणी टिपून ठेवल्या. आईची कोंकणी गोव्याकडची, वडिलांचे कीर्तन मराठीत. घरात दोन्ही भाषा एका ताटात जेवत होत्या. वडिलांच्या वह्यांना वाळवी लागली, आई गेली, मग दादाही गेले. उरले ते त्यांचे जुने, धूळ खाल्लेले यंत्र आणि त्यात दडलेली ही सुमारे तीनशे पाने.

गेल्या दिवाळीनंतर यंत्र सुरू होण्यास पाऊण तास घेऊ लागले. वहिनींनी ते शेजारच्या शहरातील एका दुकानात नेले. दुकानदाराने उघडून पाहिले, फाइली उघडल्या, आणि पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे, कंस व विचित्र चिन्हे यांचा नुसता चिवडा दिसला. "मावशी, हे सारे खराब झाले आहे. डिस्क पुसून नवी प्रणाली घालून देतो, नाहीतर नवा लॅपटॉप घ्या," असा त्याने सल्ला दिला. वहिनी चतुर बाई. त्यांनी यंत्र उचलले आणि सरळ मजकडे आणले. आल्या आल्या म्हणाल्या, "भाऊजी, हें खराब न्हय. ह्यांनीं इतकीं वर्सां बसून बरयलां तें खराब कशें जातलें?"

वहिनींचा तर्क अचूक होता. युनिकोड येण्यापूर्वी मराठीचे निरनिराळे टंकसंच होते. प्रत्येक संच रोमन अक्षरांच्या जागेवर आपापली देवनागरी वळणे बसवीत असे. रोमन 'ए'च्या जागी एकात 'म', तर दुसऱ्यात काना, असा प्रकार. त्या संचाचा टंक यंत्रात असला म्हणजे मराठी दिसते, नसला म्हणजे उरतो तो चिवडा. मजकूर नासलेला नसतो, त्याचे कपडे तेवढे हरवलेले असतात. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. तिची मांडणी आपल्याच देशातील १९८८ च्या 'इस्की' संकेतावर आधारलेली होती. परंतु घरोघरच्या यंत्रांवर तिचा चांगला वापर होऊ लागावयास बरीच वर्षे जावी लागली. त्यामुळे १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत आणि कोंकणीत जे टंकले गेले, त्यातील पुष्कळसे या कपडे हरवलेल्या अवस्थेत पडून आहे. किती संस्थानांच्या महाजनांच्या याद्या, किती जीर्णोद्धाराचे हिशेब, किती स्मरणिका अशा असतील, याचा विचार मनात आला की झोप लागत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात वा देवस्थानाच्या कचेरीत असे जुने यंत्र असेल, त्यांनी ते दुकानात नेण्यापूर्वी चार कामे करावीत, असे माझे निक्षून सांगणे आहे. प्रथम, यंत्र अजून चालत आहे तोवर त्यातील 'फाँट्स' या कप्प्यातील सारे मराठी टंक बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. हेच ते हरवलेले कपडे. त्यानंतर महत्त्वाची पाने पी.डी.एफ. रूपात जतन करावीत. जतन करतेवेळी टंक आत रोवला गेला तर असे पान कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसते. तिसरे म्हणजे मूळ फाइली नाव न बदलता उतरवाव्या. आणि चौथे, जुनी डिस्क काढून कागदावर तारीख घालून कोरड्या डब्यात ठेवावी. ती पुसावयास कोणालाही देऊ नये. त्या काळच्या काही संचांना छपाई-यंत्राच्या खाचेत बसणारे एक लहानसे कुलूप असे. ते सापडले तर टाकू नका.

यानंतर परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावयाचा. हे काम यंत्र करते, पण त्यावर विसंबता येत नाही. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, रफार नंतर. युनिकोडमध्ये मात्र क्रम उच्चारासारखा. म्हणून वेलांटी आणि रफार येथेच बहुतेक घोळ होतात. त्याहून मोठा घोळ 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांचा. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्याने' यांतला हा अर्धा 'र' हिंदीवाल्यांना लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेले परिवर्तक तो अनेकदा गिळून टाकतात. आमच्या वंशावळीत त्यामुळे 'दुसऱ्या पत्नीचा पुत्र' याचे काय झाले असेल, ते वाचकांनीच कल्पावे. वहिनी मोठ्याने वाचीत, मी टंकीत असे. अशी आमची पुष्कळ रविवारची दुपार गेली. कोंकणी पाने त्यांच्यावाचून शुद्ध झालीच नसती. अनुनासिके त्या कानाने ओळखीत.

आता यंत्राची गोष्ट थोडक्यात. दादांच्या यंत्राचा मुख्य रोग म्हणजे फिरती डिस्क. तिच्या जागी एस.एस.डी. बसवून चार जी.बी.ची रॅम आठ केली, आणि पाऊण तासाचे काम मिनिटाच्या आत आले. सहा-सात वर्षांच्या यंत्रासाठी याहून स्वस्त व परिणामकारक औषध मला ठाऊक नाही. मात्र सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम पाटीवरच डाग देऊन बसविलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा आधी भाव विचारावा, मग वैद्य बोलवावा.

प्रणालीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास एक वर्षाची जादा मुदत, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्यात आली. विंडोज ११ ला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो; इंटेलचा असेल तर सामान्यतः आठव्या पिढीपासून पुढचा. दादांचे यंत्र त्यात बसत नव्हते. त्यावर मी लिनक्स घातले. पत्र लिहिणे, भजन ऐकणे, नातवंडांशी बोलणे यांना ते पुरे आहे, आणि मराठी कळफलक त्यात आयताच मिळतो. हिशेबाच्या ठरावीक सॉफ्टवेअरवर ज्यांचे पोट आहे, त्यांना मात्र मी हा उपदेश करीत नाही.

नवा लॅपटॉप घेणाऱ्यांस एवढेच सांगतो की, 'आय-सेव्हन' हे बोधचिन्ह पाहून भुलू नये. पिढी कोणती ते विचारावे. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन हा अकराव्या पिढीच्या आय-थ्रीपुढे पुष्कळदा मागे पडतो. मुंबईला ग्रँट रोडनजीक लॅमिंग्टन रोडवर मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले जुने लॅपटॉप मिळतात. त्यांत काही उत्तम असतात, परंतु बॅटरी आणि बिजागऱ्या स्वतः पाहिल्यावाचून आणि पक्के बिल घेतल्यावाचून ते घेऊ नयेत. दुरुस्ती घरी येऊन होणार की वापीला वा सुरतेला खेटे घालावे लागणार, हे खरेदीपूर्वीच विचारावे. आमच्याकडे चार महिने भिंतींनाही घाम फुटतो. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा रोज तासभर चालू ठेवलेला बरा, आणि वीज कडाडू लागली की तार काढलेली बरी.

सुरक्षेविषयी लोकांचा समज असा की, आपल्यासारख्या सामान्य माणसाचे कोण काय चोरणार? २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक ठप्प झाले. उपद्रव परदेशात सुरू झाला होता, आणि त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या फटींपैकी एक बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निघालेली होती. घरगुती यंत्राचीही तीच कथा: दुरुस्ती आलेली असते, "नंतर" म्हणून आपण ती ढकलीत राहतो. अशा उपद्रवात जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही कुलूपबंद होते. म्हणून प्रत उतरविली की तार काढावी. आमच्या दप्तराच्या तीन प्रती आहेत: एक यंत्रात, एक कपाटातील डिस्कवर, एक पुण्यास पुतण्याकडे.

देवदर्शनास जाणाऱ्या मंडळींनी आणखी एक ध्यानी ठेवावे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला तो भाविकांना फसविणाऱ्या खोट्या संकेतस्थळांविषयी. केदारनाथचे हेलिकॉप्टर, सोमनाथचे अतिथिगृह यांच्या नावाने पैसे घेणारी ती दुकाने होती. खोली राखून ठेवण्यापूर्वी संस्थानाच्या छापील पत्रिकेवरील क्रमांकाला दूरध्वनी करावा, यात कमीपणा नाही. तसेच पोलिसाच्या वेषात दृश्य-दूरध्वनीवर कोणी अटकेची धमकी दिली, तर अशी अटक कायद्यात नाहीच, हे जाणून तो बंद करावा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात. यू.पी.आय.वर पैसे येण्यासाठी गुप्त अंक कधीच द्यावा लागत नाही, हे मी वहिनींना एकदा सांगितले, तर त्यांनी ते भिंतीवर लिहून लावले.

दप्तराचे काम अजून संपलेले नाही. वंशावळ शुद्ध झाली, आख्याने झाली. आईच्या ओव्यांची चौदा पाने उरली आहेत, आणि त्यांत अकरा शब्द असे आहेत की ते टंकाने बिघडले की दादांच्या कानाने, हे आम्हां दोघांनाही ठरविता येत नाही. वहिनी पुढल्या महिन्यात उत्सवासाठी गोव्यास जाणार आहेत. तेथे आईच्या माहेरची एक नव्वदीची आत्या आहे. ती पाने मोठ्या अक्षरांत छापून वहिनींच्या पिशवीत घातली आहेत.