अण्णांचा झोर्की

५ जानेवारी २०२५, रविवार
भिलाईला आत्याकडे जेवायला गेलो होतो. निघताना तिने कपाटावरून एक चामडी पेटी काढून हातात दिली. "अण्णांचा कॅमेरा. तूच ने, इथे नुसता धूळ खातोय." अण्णा पोलाद कारखान्यात ड्राफ्ट्समन. कोणी रशियन इंजिनिअर मायदेशी परतताना विकून गेला, तो यांनी घेतला, असे घरात सांगतात. दुसरी गोष्ट तर आम्हाला पाठच आहे: ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रबाबूंनी पहिली झोतभट्टी सुरू केली, तेव्हाचा आत्याच्या दिवाणखान्यातला फोटो अण्णांनी याच कॅमेऱ्याने काढला.

६ जानेवारी
रायपूरला चौबे कॉलनीतल्या घरी रात्री पेटी उघडली. चामड्याला ओलसर वास. कॅमेऱ्यावर नाव रशियन लिपीत, पहिले अक्षर थेट इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे, शेवटी चार. म्हणजे झोर्की-४, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा. फिल्म पुढे सरकवायला खटका नाही, गोल गुंडी आहे. खटका पुढच्या ४-के या मॉडेलला आला. भिंगावर ज्युपिटर-८, ५० मिलिमीटर, एफ २, आणि लाल रंगात एक रशियन अक्षर. ते अक्षर म्हणजे भिंगावर परावर्तन कमी करणारा लेप आहे, याची खूण.

मग नंबर. या कारखान्याच्या त्या काळातल्या कॅमेऱ्यांवर नंबरातले पहिले दोन आकडे बनावटीचे साल सांगतात. भिंग लावून पुन्हा पाहिले. ६३. आत्याला आज फोन केला नाही.

८ जानेवारी
मालवीय रोडच्या मागे एक म्हातारे मेकॅनिक अजून बसतात. कॅमेरा हातात घेतला आणि आधी मलाच विचारले, "चाबी भरे बिना स्पीड तो नहीं घुमाया?" नव्हता फिरवला, वाचून गेलो होतो. झोर्कीत गुंडी फिरवून शटर भरायचे, मगच वेगाची चकती उचलून हलवायची. उलट केले तर आतली यंत्रणा बिघडू शकते. बाजारात येणारे कितीतरी झोर्की याच घाईने गेलेले असतात.

त्यांनी खालच्या दोन चाव्या फिरवल्या तसा तळ आणि मागची बाजू एकत्रच सुटून हातात आली. दुकानाचा दिवा मालवून भिंगाच्या जागी टॉर्च धरला. शटर म्हणजे कापडी पडदा, आणि त्या काळ्या कापडात टाचणीच्या टोकाएवढा एक प्रकाशाचा ठिपका. उघडे भिंग उन्हाकडे करून कॅमेरा कोणी ठेवून दिला असेल, तर सूर्य पडद्याला असाच भोक पाडतो. म्हाताऱ्यांनी बारीक ब्रशाने काळा रंग लावला आणि वाळेपर्यंत चहा मागवला. भिंगाच्या कडेला बुरशीचे दोन-चार तंतू होते. ते म्हणाले, राहू द्या, फोटोत दिसणार नाहीत. अशा वेळी भिंग खोलण्याची खुमखुमी नसलेला मेकॅनिक भेटणे हे भाग्य.

१४ जानेवारी, संक्रांत
केंटमिअर ४०० चा रोल आला. या कॅमेऱ्यात लाइटमीटर नाही, म्हणून जुना हिशेब: लख्ख ऊन असेल तर एफ १६, आणि वेग फिल्मच्या आकड्याच्या आसपास, म्हणजे इथे १/५००. सकाळी बूढा तालाबावर गेलो. व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी पिवळसर ठिपक्यात दोन प्रतिमा दिसतात; त्या एकमेकींवर बसल्या की फोकस झाला. विवेकानंदांच्या पुतळ्यावर त्या लगेच बसल्या. मुलगी तिळगुळाचा डबा घेऊन पळत सुटली, तिच्यावर काही केल्या बसेनात. शेवटी तिला उभे केले. तीन फुटांहून जवळचे याला दिसत नाही, हेही तेव्हाच कळले. डब्याचा जवळून फोटो राहिला.

१९ जानेवारी, रविवार
रोल घरीच धुतला. विकासद्रव २० अंशांवर हवे. जानेवारीत नळाच्या पाण्याने भागते, मे महिन्यात इथे बर्फ घालूनही जमायचे नाही. हायपोतून काढून दोरीवर टांगला. निगेटिव्हवर कुठेही काळा ठिपका नाही. म्हाताऱ्यांचा रंग टिकला. पुतळा खणखणीत आलाय, आणि मुलीच्या स्वेटरची वीण मोजता येते. साठ वर्षांच्या भिंगाकडून आणखी काय हवे?

२० जानेवारी
अखेर आत्याला सांगितले. कॅमेरा १९६३ चा. १९५९ चा फोटो त्याने निघणे शक्यच नाही. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "असेल. तेव्हा कारखान्याचा फोटोग्राफर होता की. त्याच्याकडून घेतली असेल प्रत." म्हणजे तिलाही थोडी शंका होतीच! फोटो मात्र भिंतीवरून हलणार नाही, हे तिने ठणकावून सांगितले. हलवायचे कारणही नाही. पुढच्या खेपेला मागच्या पुठ्ठ्यावर 'छायाचित्रकार अज्ञात' एवढे लिहून येईन. आणि चामडी पेटी आत्याकडेच परत. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि भिंगाला बुरशी चढते. कोणाकडे असा कॅमेरा पेटीत पडून असेल, तर आजच बाहेर काढा.