जुन्या गाडीचा हिशेब

घरातली एखादी वस्तू जुनी झाली, की तिच्याविषयी दोन मते पडतात. कोणी म्हणते, "जुने ते सोने." कोणी म्हणते, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला?" दोन्ही म्हणी मराठीतल्याच आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या. वस्तू घड्याळ किंवा शिलाई मशीन असेल, तर यांपैकी कोणतीही म्हण मानली तरी फारसे बिघडत नाही. मोटारगाडीचे मात्र तसे नाही. तिच्यात माणसे बसतात.

आमचे घर वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरला आहे. अब्बा शिक्षक होते. २००३ साली त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून एक पांढरी मारुती ८०० घेतली. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याचा 'एमएच ३७' हा क्रमांक आमच्या गाडीवर आला, याचे अब्बांना फार कौतुक होते. कर्ज फिटायला पाच वर्षे लागली. तोपर्यंत गाडी घरातलीच एक झाली होती. नानींना डोळ्यांच्या तपासणीसाठी अकोल्याला न्यायचे, बहिणीला परीक्षेला वाशीमला सोडायचे, रात्री-अपरात्री शेजारच्या आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवायचे, ही सारी कामे तिने केली.

मारुती ८०० ही मोटार भारतात १४ डिसेंबर १९८३ रोजी प्रथम ग्राहकांच्या हाती आली. तिचे इंजिन लहान, ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. पेट्रोल कमी लागे आणि सुटे भाग गावोगावी मिळत. त्यामुळे ज्या घरात पूर्वी फक्त स्कूटर असे, त्या घरापुढे मोटार उभी राहू लागली. २०१४ मध्ये या गाडीचे उत्पादन थांबले. पण आधी विकलेल्या गाड्या पुढेही रस्त्यावर धावत राहिल्या.

आपल्या देशात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. ती मुदत संपली, की परिवहन कार्यालयात गाडी तपासून घ्यावी लागते. गाडी चांगली असेल, तर नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. आमच्या गाडीची पहिली मुदत २०१८ साली संपली. तेव्हा नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. गाडी तपासणीत उतरली आणि पाच वर्षे मिळाली. २०२३ साली ती मुदतही संपत आली. मधल्या काळात, १ एप्रिल २०२२ पासून, फी पाच हजार रुपये झाली होती. शिवाय पर्यावरण कर वेगळा. गाडीही आता थकली होती. चढावर दम घेई, मागून निळसर धूर सोडी आणि सकाळी सुरू व्हायला वेळ लावी.

घरात चर्चा सुरू झाली. धाकटा भाऊ म्हणाला, "विकून टाकू या. रोज नवे दुखणे कोण काढणार?" अम्मी म्हणाली, "तिने वीस वर्षे साथ दिली. दुखणे आले म्हणून कोणी घरच्याला बाहेर काढते का?" अब्बा दोघांनाही काही बोलले नाहीत. त्यांनी एक वही घेतली आणि मिस्त्रींना विचारून खर्च लिहून काढला. इंजिनाचे काम बावीस हजार, क्लचप्लेट चार हजार, चार टायर दहा हजार, बॅटरी साडेतीन हजार, पत्र्याचे काम आणि रंग अठरा हजार, नोंदणीची फी पाच हजार. बेरीज झाली साडेबासष्ट हजार. पर्यावरण कर त्याहून निराळा.

भाऊ लगेच म्हणाला, "बाजारात या गाडीला पस्तीस हजारही कोणी देणार नाही. तिच्यावर साठ हजार घालायचे? हा तर बारा आण्यांचा मसाला झाला!"

अब्बांनी चष्मा वर केला आणि ते म्हणाले, "तू चुकीच्या आकड्याशी तुलना करतोस. गाडी विकून किती येतील, हा एक प्रश्न. पण तिच्या जागी कामाची दुसरी गाडी आणायला किती लागतील, हा खरा प्रश्न आहे. बऱ्यापैकी जुनी गाडी घ्यायची म्हटली, तरी दोन लाखांच्या खाली मिळत नाही. ही विकून आलेले पस्तीस हजार त्यातून वजा केले, तरी एक लाख पासष्ट हजार उरतात. साडेबासष्ट हजारांत हीच गाडी आणखी पाच वर्षे चालणार असेल, तर दुरुस्ती महाग की बदल महाग?"

भाऊ गप्प झाला. आकडे दुरुस्तीच्या बाजूने होते. त्याच आठवड्यात गाडी मिस्त्रींकडे गेली.

आमचे मिस्त्री मितभाषी. त्यांनी इंजिनाला हात लावण्याआधी गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर उभी केली, स्वतः खाली उतरले आणि बॅटरीच्या उजेडात पाहू लागले. मग त्यांनी अब्बांना खाली बोलावले. हातातला पेचकस त्यांनी पुढच्या चाकाच्या वर, जिथे शॉकअबची पकड असते, त्या पत्र्यावर टेकवला. जोर न लावताच तो आत गेला. मागच्या बाजूलाही तेच. वीस पावसाळ्यांची काळी माती खाली चिकटून राहिली होती. तिच्या ओलाव्याने पत्रा आतून खाल्ला होता. वरून मात्र रंग चकचकीत होता.

"मास्तर," मिस्त्री म्हणाले, "इंजिन म्हणजे गाडीचे काळीज. ते मी नवे करून देतो. पण हिची हाडे कुजली आहेत. वरून पत्र्याचे ठिगळ लावीन, रंग मारीन, कोणाला कळणारही नाही. पण जोरात खड्डा लागला, तर चाक जागेवर राहील याची हमी मी देणार नाही. हे काम करू नका."

हे ऐकून मला मिस्त्रींविषयी फार आदर वाटला. चाळीस-पन्नास हजारांचे काम त्यांच्या दारात आले होते. ते त्यांनी आपण होऊन परत पाठवले.

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी गाडीची रचना समजून घेतली पाहिजे. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो. त्याला चासिस म्हणतात. वरची बॉडी त्यावर बसवलेली असते. बॉडी गंजली तर ती काढून दुसरी बसवता येते. म्हणूनच आपल्या भागात तीस-तीस वर्षांच्या जीपगाड्या बॉडी बदलून चालवलेल्या दिसतात. मारुती ८०० सारख्या मोटारीत मात्र असा वेगळा सांगाडा नसतो. तळाचा पत्रा, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा बनतो. सगळा भार तोच पत्रा पेलतो. दरवाजा गंजला तर तो बदलता येतो. भार पेलणारा पत्राच जागोजागी कुजला, तर गाडी पुन्हा भक्कम करणे फार कठीण असते. म्हणून जुनी गाडी पाहताना आधी खालून पाहावे, मग वरून.

अब्बांनी घरी येऊन वहीतील तो हिशेब आडव्या रेघेने खोडला. "आकडे बरोबर होते," ते म्हणाले, "पण जिवाचा आकडा त्यात धरलेला नव्हता."

गाडी बदलायचे ठरले. पण जुनीचे काय करायचे, हा प्रश्न उरला. दोनच दिवसांत एक ओळखीचे गृहस्थ आले. जवळच्या खेड्यातून शाळेत मुले ने-आण करण्यासाठी त्यांना स्वस्तातली गाडी हवी होती. पस्तीस हजार रोख द्यायला ते तयार होते. भंगारवाला वजनावर पंधरा हजार देत होता. फरक वीस हजारांचा होता आणि आम्हाला तर नव्या गाडीसाठी एकेक रुपया जोडायचा होता.

अब्बांनी त्यांना गाडीचा दोष दाखवला. ते गृहस्थ हसून म्हणाले, "तुम्ही सांगितले ना, मग आता तुमच्यावर दोष नाही. पुढचे मी पाहून घेईन."

अब्बा शांतपणे म्हणाले, "तुम्हाला मी सांगितले, भाई. पण मागच्या सीटवर बसणाऱ्या मुलांना कोण सांगणार?"

गाडी भंगारात गेली. अब्बांनी वाशीमच्या परिवहन कार्यालयात तिची नोंदणी रीतसर रद्द करून घेतली, म्हणजे तिचे कागद दुसऱ्या गाडीला कोणी जोडू नयेत. त्या वर्षी घराला रंग लावणे राहिले. पुढे आम्ही एक जुनीच, पण खालून तपासलेली गाडी घेतली.

गाडी कधी काढावी याचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. म्हणून प्रीमियर पद्मिनी जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवलेल्या या गाड्यांना निरोप देताना अनेकांचे डोळे पाणावले. सरकारी वाहने पंधरा वर्षांनंतर मोडीत काढण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. याउलट २०२० मध्ये कोरोनाच्या काळात आपल्या एस.टी. महामंडळाने काही जुन्या प्रवासी बसगाड्यांचे मालवाहू ट्रक केले. एका कामातून काढलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावता येते, हे त्यातून दिसते. पण कोणत्या कामाला लावायची, हे तिची खरी अवस्था पाहूनच ठरवावे लागते.

'दुरुस्ती' हा शब्द फारसीतील 'दुरुस्त' या शब्दापासून मराठीत आला. 'हिशेब' हा शब्द अरबीतून आला. उर्दू बोलणाऱ्या आपल्या घरांत हे दोन्ही शब्द रोज कानांवर पडतात. दुरुस्त म्हणजे नीट, बरोबर. जी वस्तू खरोखर नीट होऊ शकते, ती टाकून देणे म्हणजे उधळपट्टी. आणि जी नीट होऊ शकत नाही, तिला रंग लावून दुसऱ्याच्या गळ्यात मारणे म्हणजे फसवणूक. अब्बांनी वीस हजार रुपये सोडले. पण ज्यांची नावेही आम्हाला ठाऊक नाहीत, अशा मुलांचा विचार त्यांनी आपल्या हिशेबात धरला. त्या वहीतील आकडे आता मला नीट आठवत नाहीत, पण त्यांनी विचारलेला तो एक प्रश्न आठवतो. घरातली कोणतीही वस्तू विकायला काढताना मी तोच प्रश्न आधी स्वतःला विचारतो.