चार हातांचे आकाश

शेकडो गाणी खिशात बाळगणारा मनुष्य आणि त्याच्याच मोटारीच्या दारांत बसवलेले उत्तम ध्वनिवर्धक यांचा परस्परांशी काडीइतकाही संबंध नसावा, ही विचित्र अवस्था एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्याकडील रस्त्यांवर जवळजवळ सार्वत्रिक होती. २००१ साली आयपॉड बाजारात आला, त्याच्या पाठोपाठ त्याची स्वस्त भावंडे आली, पेन ड्राइव्ह आले, गाणी साठवणारे मोबाइल आले. परंतु मोटारीचे आयुष्य असल्या यंत्रांपेक्षा दीर्घ असते, आणि आधीच्या जमान्यात विकत घेतलेल्या गाडीत रेडिओ व फार तर एक कॅसेट प्लेअर एवढाच सरंजाम असे. ह्या दोन युगांमध्ये जो दुभाषा उभा राहिला, तो म्हणजे सिगारेट पेटवण्यासाठी दिलेल्या बारा व्होल्टच्या सॉकेटात घट्ट बसणारा इवलासा एफएम ट्रान्समीटर. त्याच्या कपाळावर एक तांबडा किंवा निळा आकडा लुकलुके. तोच आकडा रेडिओवर लावला, की पेन ड्राइव्हमधील गाणे लहरींवर आरूढ होऊन बाहेरच्या एरिअलवर उतरे, तारेने पुन्हा आत येई आणि दारांतून वाजू लागे. ज्या गाण्याला कानापर्यंत पोहोचावयास दोन हातांचे अंतर पुरेसे होते, ते असे आकाशमार्गे प्रदक्षिणा घालून येई. आणि ज्याने ते धाडले त्याच्याच कानी पडे, म्हणजे नभोवाणीचे केंद्र, त्याचा संचालक आणि त्याचा झाडून सारा श्रोतृवर्ग एकाच पत्र्याच्या पेटीतून प्रवास करीत असे.

ह्या द्राविडी प्राणायामाला स्वतःचे असे एक शास्त्र होते, आणि ते समजून घेतल्यावर त्याची थट्टा करण्याची इच्छा ओसरते. एफएममध्ये लहरीची उंची अढळ राहते आणि गाण्यातील चढउतारानुसार तिची कंप्रता तेवढी आपल्या ठरलेल्या स्थानाच्या अलीकडे-पलीकडे, जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झपर्यंत, डोलत राहते. शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर भरते. तिचा चतुर्थांश म्हणजे पाऊण मीटर, आणि जुन्या गाड्यांच्या बॉनेटशेजारी ताठ उभी असलेली ती पोलादी काडी साधारण तेवढीच का असे, ह्याचा उलगडा ह्या भागाकारात आहे. १५ किलोहर्ट्झच्या वरचे ध्वनी ह्या वाटेने नेण्याचा प्रघात नाही, कारण १९ किलोहर्ट्झवर स्टीरिओची सूचक लहर ठाण मांडून बसलेली असते. त्यामुळे झांजांच्या झणत्काराचा अगदी शेंड्याकडचा लकाका वाटेतच गळून पडे. परंतु अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला ह्या कपातीची झळ लागत नसे, कारण इतक्या उंचावरचे काही तिच्या रेषांत उमटलेलेच नसते. आणि तिची जन्मजात खरखर ट्रान्समीटरच्या खरखरीत अशी एकजीव होऊन जाई, की दोष कोणाचा हे ठरवण्याच्या भरीस न पडता ऐकणारा निमूटपणे स्वरांच्या मागे जाई.

ह्या सर्व प्रपंचाचा मूळपुरुष एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हा अमेरिकन अभियंता. १९२३ साली त्याचा विवाह झाला तेव्हा त्याने आपली पत्नी मॅरियन हिला हाताने उचलून नेता येईल असा एक रेडिओ भेट म्हणून दिला, आणि फ्लोरिडातील पाम बीचच्या वाळूत त्या रेडिओशेजारी बसलेल्या नवदांपत्याचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. गाणे बरोबर घेऊन सहलीस निघण्याची हौस आणि एफएमचे तंत्र ह्या दोहोंचा उगम अशा रीतीने एकाच घराशी जाऊन भिडतो. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्याला एफएमची पेटंटे मिळाली, आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे जमलेल्या अभियंत्यांना त्याने दुरून प्रक्षेपित केलेले ध्वनी ऐकवले, तेव्हा विजेच्या कडकडाटाने ग्रासलेल्या रेडिओची सवय झालेल्या त्या मंडळींनी पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगळल्याचा आवाज, जणू आपल्याच टेबलावर घडत असावा इतक्या स्वच्छपणे, ऐकला. पुढे १९४५ साली अमेरिकन सरकारने एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून उठवून ८८ ते १०८ ह्या नव्या मुलखात नेऊन बसवले, आणि लोकांनी तोवर घेतलेले संच एका हुकमासरशी निकामी झाले. पेटंटांवरून बड्या कंपन्यांशी जुंपलेल्या खटल्यांत त्याचे द्रव्य आणि धैर्य दोन्ही आटली, आणि १९५४ च्या जानेवारीअखेर त्याने तेराव्या मजल्यावरील आपल्या घराच्या खिडकीतून स्वतःला खाली झोकून दिले. मॅरियनने मात्र फिर्यादी सोडल्या नाहीत, आणि त्यांतल्या शेवटच्या खटल्याचा निकाल तिच्या बाजूने लागावयास १९६७ साल उजाडले. शांततेचे तंत्र जगाला देणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला कचेऱ्यांतला एवढा कोलाहल यावा, ह्यातला विपर्यास मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

त्याच्या ह्या तंत्राचा एक स्वभाव असा, की त्याला तडजोड ठाऊक नाही. मीडियम वेव्हवर दोन केंद्रे एकाच जागी आली तर बातम्यांच्या पाठीमागे कुठलेतरी परमुलखातील गाणे हेलकावत राही आणि ऐकणारा दोघांनाही सांभाळून घेई. एफएमचा संच मात्र दोहोंतील बलिष्ठाचे तेवढे ऐकतो आणि दुर्बळाला पुरता बेदखल करतो. आमच्या ह्या अंगठ्याएवढ्या केंद्राचे बळ ते किती! तेव्हा त्याने उभे राहावयाचे कुठे, तर जिथे कोणाचीच वहिवाट नाही अशा पडीक पट्टीत; आणि मुंबईसारख्या शहरात, जिथे ९१.१ वर रेडिओ सिटी, ९३.५ वर रेड एफएम आणि ९८.३ वर रेडिओ मिरची यांच्यासारखे जहागीरदार ठाण मांडून बसलेले, तिथे अशी पट्टी हुडकणे हे कौशल्याचे काम होते. पुण्यातही हेच आकडे ह्याच घराण्यांकडे आहेत. त्यामुळे द्रुतगती मार्गाने वर चढताना मुंबईचे एक केंद्र क्षीण होत जाई आणि घाटमाथ्यावर त्याच आकड्यावर पुण्याचे भाऊबंद नवा आवाज घेऊन उभे असत. ह्या सत्तांतराच्या धामधुमीत आपली चिमूटभर हद्द राखणे कठीण. आलाप समेवर येण्याच्या ऐन क्षणी त्यावर कोणा सराफाची जाहिरात झडप घाली, शेजारी बसलेला गृहस्थ पाण्याची बाटली घ्यावयास वाकला तरी त्याच्या देहाच्या आडोशाने स्वर विस्कटे. मग भाताणचा किंवा कामशेतचा बोगदा येई, बाहेरची बलाढ्य केंद्रे डोंगराच्या पोटात लुळी पडत, आणि तेवढ्या अंतरापुरता आमच्या दुबळ्या ट्रान्समीटरचा अंमल निष्कंटक चाले.

राज्यकर्त्यांना हवेतली ही ढवळाढवळ कधीच रुचलेली नाही. ज्या १९३३ साली आर्मस्ट्राँगला पेटंटे मिळाली, त्याच साली हिंदुस्थानात बिनतारी यंत्र परवान्यावाचून जवळ बाळगण्यास मनाई करणारा कायदा झाला, आणि पुढे कित्येक दशके नुसता रेडिओ ऐकण्यासाठीही पोस्टात फी भरून परवाना घेण्याचा शिरस्ता चालू होता. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी वाहून नेणाऱ्या ह्या अवकाशाला सार्वजनिक मालमत्ता ठरवले, तेव्हा सरकारी दप्तरातली त्याच्या मालकीची नोंद निदान तत्त्वतः तरी रयतेच्या नावावर चढली. ब्रिटनमध्ये मोटारीतला हा ट्रान्समीटर लावणे डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होते. मुभा मिळाली ती पन्नास नॅनोवॅटची, म्हणजे एका वॅटचे दोन कोटी भाग केले असता त्यांतील एकाची. अमेरिकेत यंत्रापासून तीन मीटरवर लहरीचे बळ मीटरमागे २५० मायक्रोव्होल्टच्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. अशा कृपण मापांनी मोजून दिलेले ते चार हातांचे आकाश!

परंतु लहरींना मापे वाचता येत नाहीत. खालापूरच्या टोल नाक्यावर गाड्यांच्या रांगा एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, की एका केंद्राची हद्द दुसऱ्यात मिसळे, आणि आपण लावलेल्या ठुमरीच्या जागी एकाएकी कुणाचे तरी हरिकीर्तन खणखणीतपणे सुरू होई. मान वळवून पाहावे, तो शेजारच्या मोटारीत, वर चढवलेल्या काचेआड, एक वयस्क गृहस्थ नेमक्या त्याच टाळांच्या ठेक्यावर मान डोलवीत आहेत, आणि आपला खाजगी देवधर्म परक्याच्या गाडीत घुमतो आहे ह्याची त्यांना गंधवार्ताही नाही! रांग पुढे सरके, कीर्तन ज्याचे त्याच्याबरोबर जाई आणि ठुमरी आपल्या जागी परते. ह्या चोरट्या श्रवणाने कोणाचे काही उणे होत नसे. प्रवासात क्वचितच लाभणारी परक्याच्या मनाची ओळख मात्र, त्याच्या नकळत, होऊन जाई.

आता नव्या गाड्यांत मोबाइल आणि ध्वनिवर्धक एकमेकांशी परस्पर बोलतात, त्यांच्यामधली वाट खाजगी आणि कुलूपबंद असते, आणि तिच्यावरून येणारे गाणे निर्मळ असते, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. खरखरीची आठवण काढून उसासे टाकणे हा शुद्ध कृतघ्नपणा होईल. तरीही त्या जुन्या यंत्राने अंगी बाणवलेला एक शिष्टाचार त्याच्याबरोबर मोडीत निघाला, ही रुखरुख राहते. त्याच्या धन्याला स्वतःचे गाणे लावण्याआधी रेडिओचा काटा हळूहळू फिरवीत सगळा पट्टा कान देऊन ऐकावा लागे. कोण कुठे बोलतो आहे, कुठे कोणाचा नुसता मागमूस उरला आहे आणि कुठे निखळ सुसकारा तेवढा आहे, याचा धांडोळा घेऊन, रिकाम्या ठरलेल्या जागेवरच त्याला आपला मांड मांडता येई, आणि बलिष्ठ पुढे आला की कज्जा न करता तिथून उठावे लागे. आवाज करण्यापूर्वी ऐकण्याची ही सक्ती यंत्राची होती, सद्गुणाची नव्हे; पण सद्गुणाच्या भरवशावर सोपवलेल्या लाउडस्पीकरांनी आपल्या गल्ल्यांची आणि मिरवणुकांची जी दशा केली आहे ती पाहता, त्यांचा परवाना देणाऱ्या साहेबांनी अर्जाच्या तळाशी एक कलम वाढवावे, अशी माझी नम्र सूचना आहे: अर्जदाराने लागलीच वाजवू नये; आधी त्या जागी बसून, तिथे काय काय ऐकू येते याची यादी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सादर करावी.