बदामची सत्ती

लास वेगासला एका रात्री आम्ही व्हिडिओ पोकरच्या यंत्रापुढे बसलो होतो. एका हाताला पाच डॉलर. पत्ते आले: बदामचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि सत्ती. पाचही बदाम, म्हणजे फ्लश. तीस डॉलर आलेलेच. आम्ही सत्ती टाकून दिली.

शेजारच्या बाई हळहळल्या. पण गणित आमच्याच बाजूचे होते. उरलेल्या ४७ पत्त्यांत बदामची दश्शी एकच, ती आली तर ४००० डॉलर. सरासरीने हा डाव डॉलरमागे १८ हून अधिक मोलाचा, हातचा फ्लश अवघा ६ चा. मात्र त्याच ४७ पैकी २४ पत्ते काहीच देत नाहीत. आली किलवरची तिर्री.

ऋतुपर्णाकडून अक्षहृदय मिळाल्यावर नळाने पुष्कराला हरवले, असे नलोपाख्यान सांगते. आमच्या विद्येला तेवढे तेज नाही. फुल हाउसला ९ व फ्लशला ६ देणाऱ्या यंत्रावर एकही चूक न करणाऱ्यास दीर्घकाळात ९९.५४ टक्केच परत मिळतात. ८ व ५ देणाऱ्यावर ९७.३०. तेव्हा पहिले कौशल्य बसण्यापूर्वी कोष्टक वाचण्याचे. (समीक्षकालाही हे लागू पडावे, पण तो विषय वेगळा.) जोडीसोबत एक्का जपण्याचा मोह मात्र, ती चूक आहे हे पाठ असूनही, आम्हांला अजून सुटलेला नाही.

खोलीवर परतल्यावर आम्ही पुन्हा आकडेमोड केली. उत्तर तेच आले. पहाटे विमानतळाच्या टॅक्सीचे पैसे मित्राकडे मागावे लागले.