किबालेच्या अरण्यात

निवृत्तीनंतर पश्चिम युगांडातील किबाले अरण्यात चिंपांझी पाहण्याचा योग आला. कान्यांचू येथून सकाळी आम्ही सहा जण वाटाड्यामागे निघालो. नियम कडक होते: तोंडाला मुखपट्टी, दुरूनच दर्शन आणि तेही केवळ एक तास, कारण आपली साधी सर्दीही त्यांच्या जिवावर बेतू शकते.

दोन तासांच्या चिखलवाटेनंतर उंबराच्या कुळातील एका उंच झाडावरून अर्धवट खाल्लेली फळे टपटपू लागली. थोड्या वेळाने पोटाशी पिलू धरलेली एक मादी खालच्या फांदीवर आली. तिला उजवा पंजाच नव्हता. छोट्या हरणांसाठी चोरटे शिकारी तारेचे फास लावतात आणि त्यांत चिंपांझीही अडकतात, असे वाटाड्याने सांगितले. ती मात्र थोट्या मनगटाने डहाळी दाबून धरून दुसऱ्या हाताने शांतपणे फळे तोडत होती.

आयुष्यभर मी बँकेत हिशेब तपासले. फास लावणाऱ्याच्या हिशेबात हा हात कधीच धरलेला नसेल. आपल्याही व्यवहारात न मांडलेले असे कोणाचे नुकसान होत असेल का, हा प्रश्न परतीच्या वाटेवर माझ्यासोबत होता, अजूनही आहे.